उल्हासची हक्काची मतं

“चहा राहू दे रे, आधी आत जाऊन मत टाकून ये,” उल्हास मोघे आपल्या मित्राला, संजीवला म्हणाला.

थर्मास उघडता उघडता संजीव थांबला. “मी? मला कुठंय मत? मी अजून पीआरच आहे ना, राहायची परवानगी तेवढी, नागरिक कुठे झालोय!”

केलीव्हिलच्या शाळेबाहेर कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीची रांग लागली होती. सगळी तोंडं मास्कमागे. उल्हास अपक्ष उभा होता. आयटीतली नोकरी सोडून त्याने किराण्याचं दुकान टाकलं होतं. पहिल्या लॉकडाउनमध्ये, आजारी पडून घरात अडकलेल्यांच्या दाराशी त्याने डाळ-तांदूळ पोचवले आणि लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तूच उभा राहा, म्हणाले. हाही चढला. नागरिक असल्याशिवाय उभं राहता येत नाही, म्हणून इथलं नागरिकत्वही घेऊन टाकलं.

मग पुण्याला आई आजारी पडली. इथून निघायची परवानगी मिळाली, पण इथला नागरिक झाल्यामुळे भारतीय पासपोर्ट रद्द झालेला आणि भारताच्या व्हिसाचं काम बंद. आई गेली, ती त्याने मोबाइलवर पाहिली. त्या दिवसापासून निवडून येणं ही त्याची हौस राहिली नाही. आपण एवढं घालवलं, त्याचं काहीतरी चीज व्हायला हवं, असं त्याला वाटत होतं. त्याची बायको विनीताही म्हणाली होती, “आता निवडून तरी ये.”

दुसऱ्या लॉकडाउनमध्ये दारोदार फिरायची सोय नव्हती, तेव्हा पठ्ठ्याने प्रचाराची पत्रकं किराण्याच्या पिशव्यांतून वाटली. “तुझंच पक्कं!” असे फोनवर फोन आले. तुम्हाला मत आहे का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. आणि अडचणीत धावून आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं.

आता तीच मंडळी त्याच्या नावाचे टी-शर्ट घालून सकाळपासून उन्हात उभी होती.

“आणि हे सगळे?” उल्हासने विचारलं.

संजीवने मान खाली घातली. “आपल्यातली फक्त चित्रलेखा सिटिझन आहे. तिने टाकलं सकाळीच. बाकी आपले... सॉरी रे. तू इतका खूश होतास.”

उल्हासला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग फार एकटं वाटलं. त्याने मास्क खाली करून चहाचा घोट घेतला. चहा आलं घातलेला, छान होता.

“मी उद्याच अर्ज करतो,” संजीव घाईघाईने म्हणाला. “पुढच्या इलेक्शनला माझं मत तुलाच, बघ तू.”

“आई आहे ना तुझी नाशिकला?”

“आहे. का?”

“मग घाई करू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको.”

कप संजीवच्या हातात देऊन त्याने मास्क नीट केला. रांगेत एक अनोळखी म्हातारी काठी टेकत पुढे सरकत होती. उल्हास तिच्याजवळ गेला आणि अदबीने पत्रक पुढे केलं.

“मॉर्निंग. आय ॲम उल्हास.”