गाडीचं नाक

वगदीची टॅक्सी दर शनिवारी बिघडायची, आणि ती तशी बिघडत राहण्यात गॅरेजवाल्या उस्ता बयूमीचा फायदा होता, हे आधीच सांगितलेलं बरं. एकदा दुरुस्त होऊन जाणारी गाडी म्हणजे पाहुणा. दर आठवड्याला परत येणारी गाडी म्हणजे पेन्शन. पहिल्या खेपेला बयूमीने इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर बदलला आणि नव्याचे पैसे घेतले. पुढच्या खेपेपासून तो स्प्रेने नुसता धुवायचा, धुण्याचे पैसे घ्यायचा. तक्रार तीच असायची. सपाट रस्त्याला गाडी ठीक, पण नाईलवरच्या पुलाची चढण लागली की दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकायची. मागचे हॉर्न वाजवायचे आणि गिऱ्हाईक उतरून दुसरी टॅक्सी धरायचं.

त्या शनिवारी मात्र वगदी आला तो गाडीतून उतरलाच नाही.

"उस्ता, एक उपकार कर. माझ्या आईला सांग, तू लावलेला पार्ट नकली होता."

बयूमीने चहाचा ग्लास खाली ठेवला. "सकाळी सकाळी माझ्या पोटावर का उठलास रे?"

"पुढच्या रविवारी नशवाच्या घरी फातिहा वाचायची ठरलीय. लग्न पक्कं होतंय माझं. पण आई म्हणते, गाडीला नशवाच्या आईची, वरच्या मजल्यावरच्या फिक्रियाबाईंची नजर लागलीय. गाडी आणली त्या दिवशी त्या बाल्कनीतून म्हणाल्या, काय देखणी आहे! आणि नजर लागू नये म्हणून माशाअल्लाह म्हणायचं, ते राहिलं. आता आई म्हणते, जिने गाडी खाल्ली तिची लेक घरात आणून मुलगा वाढू का तिच्या ताटात? येत्या शनिवारी गाडी परत धापली, की फातिहा रद्द."

"मग त्यात मी कुठे आलो?"

"दोष कुणाचा तरी हवाच ना! एक तर फिक्रियाबाईंची नजर, नाही तर तुझा पार्ट."

"म्हणजे तुझं लग्न लागावं म्हणून मी दुकान बंद करू? उद्या अख्खा टॅक्सीस्टँड म्हणेल, बयूमी नकली माल विकतो."

"तुझं आता वय झालं, उस्ता. नाव घेऊन काय करायचंय?"

"बॉनेट उघड, गाढवा."

इतके दिवस बयूमी सेन्सर धुवत होता, बघत नव्हता. पैसे मिळत असताना कोण बघतं? आज स्वतःच्या नावावर आलं तेव्हा बघितलं. स्कॅनर सांगत होता की इंजिनात हवा फारच कमी जातेय. बयूमीने सेन्सरची वायर उपसून काढली, तर गाडी उलट बरी चालायला लागली. म्हणजे हवा पुरेशी होती, सेन्सर खोटं बोलत होता. तो बाहेर काढून त्याने उन्हात धरला. आतल्या केसाएवढ्या तारेवर पिवळट, चिकट थर बसला होता. तेल म्हणावं तर तेल नव्हे. बयूमीने वास घेतला. परत घेतला.

"वगदी, ह्याला माझ्या आत्याच्या दिवाणखान्याचा वास येतोय. लोबान. आणि वर रुमामस्तकीचा डिंक."

वगदी स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला.

"बोल."

"आई दर शुक्रवारी नमाजानंतर गाडीला धूप दाखवते. गाडी आणली त्या आठवड्यापासून."

"ते सगळेच दाखवतात. बाहेरून."

"ती म्हणाली, नजर आत शिरते. मला विचारलं, गाडीचं नाक कुठंय? मी दाखवलं."

"आणि एअर फिल्टर?"

"तो काढून ठेवतो. धूर अडतो ना."

"इंजिन चालू?"

"मग? बंद गाडी श्वास कशी घेणार?"

बयूमी टायरवर बसला. गाडी जितकी धापत होती, तितकं धुपाटणं भरून घेतलं जात होतं. आणि जितका धूर, तितकी धाप. "मग इतके दिवस तोंड का शिवलं होतंस?"

"तू हसशील म्हणून."

"आता जा, आईला सांग."

"त्यापेक्षा गाडी पुलावरून खाली घालतो."

शेवटी सेन्सर धुऊन परत बसवल्यावर बयूमीलाच जावं लागलं. वगदीच्या आईने, हाज्जा इन्शिराहने, त्याचं सगळं ऐकून घेतलं, चहासुद्धा दिला, आणि मग म्हणाली, "म्हणजे माझा धूर वाईट आणि तिची नजर चांगली?"

"नजरेतलं मला कळत नाही, हाज्जा. तारेतलं कळतं."

"ठीक आहे. ह्या शुक्रवारी धूप नाही. धुपाच्या वेळेला फिक्रिया खाली येईल आणि बॉनेट उघडून पोटभर बघेल. शनिवारी आपण पुलावर जाऊ. मग कळेल कोण काय ते."

शुक्रवारी गल्लीतल्या सगळ्या बाल्कन्या भरल्या. फिक्रियाबाई खाली आल्या त्या माशाअल्लाह, माशाअल्लाह पुटपुटतच.

"ते म्हणायचं नाही!" हाज्जा ओरडली. "त्या दिवशी बघितलीस तशी बघ. मनापासून!"

बिचारीने इंजिनाकडे बघितलं, घसा खाकरला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "काय देखणी आहे हो."

शनिवारी दोघी मागे, बयूमी पुढे. चढण लागली तसं फिक्रियाबाईंनी वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. लेकीचं लग्न त्या हँडललाच टांगलं असावं अशा. वगदीने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी न कुरकुरता वर गेली, एक ट्रकसुद्धा मागे टाकला. पुलाचा माथा आला.

"बघितलंत?" हाज्जा म्हणाली. "माझ्या आधीच्या धुराचा गुण आत्ता आला."

बयूमीने तोंड उघडलं. वगदीने त्याच्याकडे हात जोडल्यासारखं बघितलं. बयूमीने तोंड मिटलं.

"हाज्जा, मग माझी नजर..." फिक्रियाबाईंनी विचारलं.

"तुझ्या नजरेत काही दम नाही ग, फिक्रिया. उगाच घाबरले मी." मग ती पुढे वाकली. "उस्ता, तू काढून घेतलेला तो जुना सेन्सर, तोही धुऊन चालला असता?"

"चालला असता काय!" बयूमीला कारागिरीचा अभिमान आवरला नाही. "परवाच धुऊन लावून बघितला. अगदी नव्यासारखा."

"मग नवा कशाला विकलास?"

दोन सीटांच्या मधून तिचा तळहात पुढे आला आणि पूल उतरेपर्यंत तिथेच राहिला.

रविवारी फातिहा वाचली गेली. वगदीने सेन्सर धुण्याचे दिलेले पैसे बुडाले ते बुडाले. फिक्रियाबाई महिनाभर जिन्यातून मान खाली घालून चढल्या-उतरल्या, त्याची भरपाई कुणी विचारलीही नाही. हाज्जा इन्शिराहला मात्र कशाचीच झळ लागली नाही. ती आता बॉनेट बंद ठेवून चाकांना धूप दाखवते. नवरीकडे नेलेलं रव्याच्या गोड बसबूशाचं ताट नव्या सेन्सरच्या परत घेतलेल्या पैशांतून आलं होतं, म्हणजे ते बयूमीने दिलं. त्यातला एक तुकडा त्याच्या वाट्याला आला.