सातवीचा अबोला

आत्या त्या शाळेत गेली ती मुलांचे डोळे तपासायला. चष्म्याच्या दुकानात तिची नोकरी होती. वर्षातून एकदा ती अक्षरांचा तक्ता, भिंगांची पेटी आणि घडीचं स्टूल घेऊन आसपासच्या शाळांमध्ये फिरायची. एरवी हे काम म्हणजे डोक्याला ताप. पोरं रांगेत ढकलाढकली करायची, पुढच्याला उत्तरं पुरवायची, एखादा वात्रट मुद्दाम डोळे तिरळे करून उभा राहायचा. संध्याकाळी घरी येईपर्यंत आत्याचा घसा बसलेला असायचा.

या शाळेची गोष्ट वेगळी होती. फाटकातल्या वॉचमनपासून सगळे हळू बोलत. फरशी इतकी लख्ख की चालताना आपल्याच चपलांची लाज वाटावी. मुख्याध्यापिका स्वतः दारापर्यंत आल्या आणि हसून म्हणाल्या, "आमच्याकडे छडी नाही, आरडाओरडा नाही. पाहुणे येतात ना, ते आधी विचारतात, आज सुट्टी आहे का म्हणून."

आत्याला हे ऐकून माहीत होतं. तिची भाची याच शाळेत होती. दादाने, म्हणजे आत्या ज्याच्या घरी राहायची त्या तिच्या थोरल्या भावाने, वर्षभर खटपट करून तिला इथे सातवीत घातलं होतं. भाचीला घरात सगळे टकळी म्हणत, कारण सकाळी डोळे उघडले की जी टकळी चालू व्हायची ती झोपेतच थांबायची. आंघोळ करताना बोलायची, घास तोंडात असताना बोलायची, कुणी नसलं तर आरशाशी बोलायची. या शाळेत आल्यापासून ती शांत झाली होती. मार्कही वाढले होते. वहिनी शेजारणीला कौतुकाने सांगायची, "पोरगी एकदम शहाणी झाली बघा."

पाचवी, सहावी झाली. मुलं एकेक करून यायची, स्टुलावर बसायची, अक्षरं वाचायची, उठून जायची. मग सातवीचा वर्ग. वर्गबाई गोड गळ्याच्या होत्या. बारीक अंगाच्या, हसऱ्या. मुलांना हाक न मारता त्या फक्त मान हलवायच्या आणि बरोबर ते मूल उठायचं. टकळी आली तेव्हा आत्याने तिला हळूच डोळा मारला. ते वर्गबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. टकळी हसली नाही. अक्षरं वाचली आणि जागेवर जाऊन बसली.

"झाले सगळे," वर्गबाई म्हणाल्या.

आत्याने पेटी मिटायला घेतली आणि तिचं लक्ष मागे गेलं. शेवटच्या खिडकीपाशी एक बाक बाकीच्यांपासून ओढून लांब ठेवलेलं होतं. त्यावर एक मुलगी बसली होती. हात मांडीवर, नजर खाली.

"एक राहिली ना," आत्या म्हणाली.

"कोण?" वर्गबाईंनी विचारलं.

"ती काय, खिडकीपाशी."

वर्गबाईंनी खिडकीकडे पाहिलं. अगदी सरळ त्या मुलीकडे पाहिलं, आणि पुन्हा आत्याकडे वळून त्याच हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "कोण?"

वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही. एकही मान मागे वळली नाही. आत्याला आधी वाटलं आपली काहीतरी थट्टा चालली आहे. मग तिने टकळीकडे पाहिलं. टकळीने बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

आत्या हट्टी होती. तिने स्टूल उचललं आणि तडक मागे गेली. "ये बाळा, बघ इकडे. ही ओळ दिसते का?"

मुलीने मान वर केली नाही. मग ओठ फारसे न हलवता पुटपुटली, "माझ्याशी बोलू नका. तुम्ही बोललात तर ते दुसऱ्या कुणाला तरी भोगावं लागेल."

तिकडे फळ्यापाशी वर्गबाई मुलांना समजावत होत्या. "त्या पाहुण्या आहेत. त्यांना आपल्या वर्गाची रीत माहीत नाही. त्यांचा काही दोष नाही." मग आवाज आणखी मऊ करत त्या म्हणाल्या, "पण ज्यांच्या घरच्या पाहुण्या आहेत, त्यांनी घरी सांगून ठेवायला नको होतं का?"

यावेळी मात्र सगळ्या माना वळल्या. टकळीकडे.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर आत्याने टकळीला गॅलरीत गाठलं. पहिल्यांदा ती काही कबूलच होईना. आत्याने खोदून खोदून विचारलं तेव्हा गाडी रुळावर आली.

"त्याला अबोला म्हणतात. कुणी चुकलं की बाई विचारतात, वर्गाला काय वाटतं? मग आपण हात वर करायचे. जास्त हात झाले की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. बघायचंसुद्धा नाही. आणि त्यानेही बोलायचं नाही."

"किती दिवस?"

"वर्गाला पुरे वाटेपर्यंत."

"त्या मुलीने असं केलं तरी काय?"

"बाईंनी फळ्यावर गणित चुकीचं सोडवलं होतं. तिने ते सगळ्यांसमोर सांगितलं."

"आणि तू? तू हात वर केला होतास?"

टकळीने गॅलरीच्या कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखाने उकरला. "सगळ्यांनीच केला होता, आत्या."

आत्याने आत जाऊन दादापुढे हे सगळं मांडलं. दादा टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "मारत तर नाहीत ना? आमच्या वेळी मास्तर हातावर पट्टी मोडायचे. चार दिवस गप्प बसवलं तर काय बिघडलं?"

"गप्प बसवणं वेगळं. ती पोरगी तिथे आहे हेच कुणी मान्य करत नाही रे."

"तुला मुलंबाळं नाहीत म्हणून तुला सगळंच भयंकर वाटतं," वहिनी म्हणाली. बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण ती लगेच उठून भांडी आवरायला गेली. आत्याने तो विषय तिथेच सोडला. पण रात्रभर तिला त्या वर्गातलं "कोण?" आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी टकळी घरी आली ती सरळ खोलीत गेली. खाली राहणारी तिच्याच वर्गातली मैत्रीण रोज तिच्याबरोबर जिना चढायची. त्या दिवशी ती मैत्रीण एकटी आली. आत्या जिन्यात भेटली तेव्हा ती भिंतीला चिकटून बाजूला झाली आणि आत्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत वर निघून गेली. विचारायची गरजच उरली नव्हती. पाळी आता टकळीवर आली होती.

दुकानातून रजा घेऊन आत्या मुख्याध्यापिकांकडे गेली. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"यात आम्ही कुठे आलो?" त्या म्हणाल्या. "निर्णय मुलं घेतात. मुलंच मागे घेतात. जबाबदारी कशी शिकणार नाहीतर? पालकांपैकी आजवर एकाचीही तक्रार नाही. तुम्ही तर आई-वडीलही नाही. तिचे वडील काय म्हणतात?"

आत्या तोंडात मारल्यासारखी बाहेर पडली.

घरी टकळीचं बोलणं आटत चाललं होतं. शाळेत बोलायचं नाही ठीक, पण आता घरीही ती मानेनेच उत्तरं द्यायची. भूक लागली का? मान. बरं वाटत नाही का? मान. एकदा तिचं बोट दारात चेमटलं. पांढरीफटक पडली, डोळ्यांत पाणी तरारलं, पण तोंडातून आवाज निघाला नाही. वहिनीने ते पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला. "अगं ओरड तरी," ती म्हणाली. टकळीने बोट तोंडात धरलं आणि मान हलवली.

त्या दिवसापासून आत्या तिला आणायला शाळा सुटताना फाटकाशी जाऊ लागली. वाटेत आपणच बोलायची. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती, बसमधली भांडणं, वाट्टेल ते. टकळी ऐकायची. कधी कधी तिचा हात आत्याच्या हातात जरा घट्ट व्हायचा, आणि आत्या तेवढ्यावर दिवस काढायची.

एका दुपारी घंटा झाली, वर्गावर वर्ग बाहेर आले, सातवीही आली. टकळी आली नाही.

आत्याने थोडी वाट पाहिली. मग खालच्या मजल्यावरच्या त्या मैत्रिणीला गाठलं. "टकळी कुठे आहे गं?"

मैत्रिणीने बुटाची नाडी बांधायला घेतली. ती बांधलेलीच होती.

वर्गबाई छत्री घेऊन पायऱ्या उतरत होत्या. "बाई, आमची मुलगी बाहेर आली नाही अजून."

"सगळी मुलं बाहेर आली," वर्गबाई म्हणाल्या. "मी स्वतः वर्ग बंद केला." आणि त्या निघून गेल्या.

फाटकातून आत शिरून आत्याने वर्ग पाहिला, स्वच्छतागृह पाहिलं, जिने पाहिले. हाका मारल्या. त्या शाळेत कुणी इतक्या मोठ्याने ओरडलं नसेल. धावत ती मागच्या मैदानाकडे वळली.

तिथे शाळेच्या बसची वाट पाहत काही मुली पायऱ्यांवर बसल्या होत्या. सातवीच्याच. एक केस विंचरत होती, एक डबा पुसत होती. त्यांच्या पाठीमागे खेळाचं सामान ठेवायची खोली होती आणि तिच्या दाराला बाहेरून कडी होती. त्या दारावर आतून कुणीतरी टकटक करत होतं. जोरात नाही. धीमं, एका लयीत, बऱ्याच वेळापासून चाललेलं असावं तसं. मुली दारापासून हातभर अंतरावर होत्या. आत्या आल्यावर त्यांनी वाट द्यायला पाय तेवढे आखडले.

आत्याने कडी ओढली. ती घट्ट बसली होती, नख तुटलं. दार उघडलं तेव्हा आत अंधार होता आणि रबराचा, धुळीचा, कोंडलेल्या हवेचा भपकारा आला. टकळी दारालगतच उभी होती. घामाने निथळत होती. उजव्या हाताच्या बोटांची सालं निघाली होती.

आत्याने तिला पोटाशी धरलं. "हाक का नाही मारलीस? हाक मारायची ना, राणी!"

टकळीने पायऱ्यांवर बसलेल्या मुलींकडे पाहिलं. मग आत्याच्या कानाशी तोंड नेऊन, घसा खरवडत म्हणाली, "मला बोलायचं नसतं ना."

मुलींमध्ये एक ती होती, खिडकीपाशी बसणारी. तिचा अबोला सुटला होता. आत्या तिच्यासमोर उकिडवी बसली. "तुला तर माहीत होतं गं हे कसं असतं. तू तरी कडी काढायचीस."

मुलीने डबा दप्तरात ठेवला आणि शेजारच्या मुलीला विचारलं, "आपली बस आली का?"

टकळी चेंडू ठेवायला आत गेली होती आणि कडी लावायचं काम ज्या मुलीकडे होतं तिने कडी लावली, इतकंच घडलं होतं. आत कुणी आहे का, हे विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. हे पुढे शाळेने केलेल्या चौकशीत त्या मुलीनेच सांगितलं, न घाबरता, आपलं काही चुकलं असं जराही न वाटता.

त्या संध्याकाळी दादाने लेकीची बोटं हातात घेतली आणि खूप वेळ सोडली नाहीत. वहिनी औषध लावत होती. "मीच धाडली तिला तिथे," तो म्हणाला. आत्याला पुष्कळ बोलता आलं असतं. तिने कापूस पुढे केला.

दाखला काढायला दादा आणि आत्या दोघं गेले. टकळी यायला तयार नव्हती, आणि तिला कुणी आग्रहही केला नाही. तिला जवळच्याच एका साध्या शाळेत जागा मिळाली होती. तिथे मधल्या सुट्टीत कानठळ्या बसायच्या. ती अजून कुणाला हाक मारत नव्हती. कुणी तिला हाक मारली की आधी दचकायची, सगळीकडे नजर टाकायची, मग ओ द्यायची. पण ओ द्यायची.

मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई आपल्या मुलाला घेऊन बसली होती. प्रवेशासाठी आलेली दिसत होती. मुलगा पाय हलवत होता, गुणगुणत होता, भिंतीवरची चित्रं मोजत होता. बाई कौतुकाने इकडेतिकडे बघत होती.

"किती शांत आहे ना इथे!" ती दादाला म्हणाली. "तुमचंही मूल इथेच आहे?"

"होतं," दादा म्हणाला. आणि मग त्याने तिला सगळं सांगितलं. अबोला, खोली, कडी, सोललेली बोटं. तो सहसा इतकं बोलणारा माणूस नव्हता. सांगताना त्याचा आवाज चढला, आणि कचेरीतल्या कारकुनाने वर पाहून दार लोटून घेतलं.

बाईने सगळं ऐकलं. मधूनमधून "अरे देवा" म्हणाली. मुलाला तिने जवळ ओढून घेतलं होतं. दादाचं सांगून झालं. मग जरा पुढे वाकून, आवाज खाली आणत तिने विचारलं, "म्हणजे सातवीत आता एक जागा रिकामी असेल?"

दादाने आत्याकडे पाहिलं. आतून मुख्याध्यापिकांनी हाक मारली, तशी बाई लगबगीने उठली, पदर सारखा केला आणि मुलाच्या तोंडावर अलगद बोट ठेवलं. मुलाचं गुणगुणणं थांबलं.