सुपारी आणि सहा आकडे

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं वैजापूरचं निम्मं वऱ्हाड अडकलं. मी स्वतःच नामांतराच्या बाजूची, तक्रार कुणाकडं करणार? माझं लग्न लागलं आणि सुपारीचा खेळ आला. माझ्या मुठीतली सुपारी मधुसूदनरावांनी एका हातानं सोडवायची होती. पण मी गणितात एम.एस्सी. झालेली, सुखासुखी कशी सोडेन?

"चार लाख सत्तावीस हजार चारशे सत्तावीसला कशाकशानं भाग जातो? सांगा, मग मूठ उघडते."

चिकलठाण्याच्या कारखान्यातले हे इंजिनिअर आता शरण येणार, असं मला वाटलं.

"सात, अकरा, तेरा," ते म्हणाले. "चारशे सत्तावीस दोनदा लिहिलेत. म्हणजे त्याला एक हजार एकनं गुणलंय."

"आणि एक हजार एकचे भाग तोंडपाठ कसे?"

"आईनं घृष्णेश्वराला एक हजार एक बेलपानं वाहिली. पानांचे सारखे ढीग मी लावत होतो. दोन, तीन, पाच, कितीही करा, जमेना. सात केले तेव्हा जमलं. मग अकरा जमले, तेराही जमले."

"एवढं मागणं तरी काय होतं?"

सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "शांत स्वभावाची सून."

मला हसू आवरेना. मूठ कधी सुटली, कळलंच नाही.