कानाचा मिस्त्री

"चॅलेंजर म्हंजे नुसती म्हैस," बालाजी म्हणाला. "सरळ रोडवर पळंल. वळण आलं की चालली बांधाकडं."

प्रेमानंदला ते लागलं. म्हशीत चारशेच्या वर घोड्यांची ताकद असते का, असं त्यानं विचारलं. आणि बालाजीची लाडकी मस्टँग तरी कुठली एवढी शहाणी? तिचा मागचा एक्सल अजून सलग, एका दांड्याचा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं उडालंच म्हणून समजा.

"म्हंजे आपली जीपच की," जीपखालून डोकं काढून दोघांच्या तोंडांकडं बघणारे किशनराव म्हणाले. "तिच्यासाठी आमेरिकेला काहून जावं लागतंय?"

दोघं हसले, पण भांडण थांबलं नाही. दोन हजार नऊचा उन्हाळा होता. वारंगा फाट्यावर किशनरावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जीपच्या काढून ठेवलेल्या मागच्या सीटवर बसून ही दोघं रोज दुपारी हेच करत. बालाजी तीन वर्षं पुण्यात राहून आलेला, आता बापाच्या खतांच्या दुकानात बसायचा. मोटारसायकलची चेन उतरली तर ढकलत इथवर आणायचा. प्रेमानंद आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा मास्तर. त्याच्या वर्गात मधोमध एक इंजिन ठेवलेलं होतं, ते चार वर्षांत एकदाही सुरू झालेलं नव्हतं. पोरांना तो ते फळ्यावर सुरू करून दाखवायचा. ज्या अमेरिकन गाड्यांवरून हे दोघं एकमेकांची अक्कल काढत, त्यातली एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. शंभरचा वेग पाच सेकंदांत घेते की साडेपाच, यावर एकदा ते दोन दिवस बोलत नव्हते. किशनरावांना वाटायचं, ह्यांना पाच सेकंद तरी इंजिनाखाली निजवावं, तोंडावर ऑइल पडलं की घोडे मोजायचे विसरतील.

तरी ते त्यांना हाकलत नव्हते. घरी गेलं तर बोलायला भिंती होत्या.

जनकाबाई जाऊन पाच महिने झाले होते. ताप आला, नांदेडला नेलं, चौथ्या दिवशी सगळं संपलं. शेडमध्ये दुरुस्तीला लागलेल्या गाडीच्या मडगार्डजवळ ग्रीसचा एक मोठा रिकामा डबा उपडा ठेवलेला असे, त्यावर ती बसायची. आताही तो तिथंच होता. मघाशी बालाजी त्यावर टेकायला गेला, तर किशनरावांनी नुसता पाना दाखवला. बालाजी सीटवर जाऊन बसला.

फाट्यावर किशनरावांना कानाचा मिस्त्री म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की मिनिटभरात ते दुखणं सांगत. डोंगरकड्यापासून कनेरगाव नाक्यापर्यंतच्या जीपा त्या कानासाठी येत. तो कान बारा वर्षांमागेच गेला होता. माणूस समोर तोंड करून बोललं तर त्यांना कळायचं, अर्धं ओठांवरून. बारीक आवाज मात्र पुसले गेले होते. तेव्हापासून जनकाबाई चहाची किटली घेऊन यायची आणि डब्यावर बसायची. ते स्क्रूड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटायचे, ती पदराआडून ऐकायची. गिऱ्हाइक पाणी प्यायला गेलं की त्यांच्याकडं तोंड करून हळूच सांगायची. तिला इंजिनाचे शब्द येत नव्हते, तिचे शब्द चुलीपुढचे. मोहरी तडतडून राहिली म्हणजे डिझेल फवारणारा इंजेक्टर. उखळात मुसळ पडून राहिलं म्हणजे बेअरिंग. रिकामं जातं ओरडलं म्हणजे गिअरबॉक्स. बारा वर्षांत ती तीन-चारदाच चुकली असेल, आणि नाव किशनरावांचं झालं.

ती गेल्यापासून त्यांनी आवाजाचं काम घेतलं नव्हतं. क्लच, ब्रेक, स्प्रिंगचे पाटे, डोळ्यांना दिसेल तेवढंच करायचे. बाकीच्यांना सांगायचे, सामान नाही, नांदेडला जा. लोक म्हणत, बायकोच्या दुःखानं मिस्त्रीचं मन लागत नाही. ते खरंही होतं, आणि सोयीचंही.

आज मात्र मोहनसिंगची जीप उभी होती. तो वारंगा ते डोंगरकडा फेऱ्या मारायचा. गाडी आवाज करते म्हणून आधी दोनदा आला होता, किशनरावांनी दोनदा परत पाठवलं होतं. आज तो हटून बसला. लग्नसराई आहे, ब्रेक बघून झाले की आवाजही बघा, तुमचा कान असताना मी नांदेडला जाऊन हसं करून घेऊ का, असं त्याचं म्हणणं. किशनराव मघापासून जीपखाली घुसून ब्रेकचंच काम पुरवून पुरवून करत होते. ते संपलं की स्क्रूड्रायव्हर उचलावा लागणार होता. आणि चुकीचं सांगितलं तर पंचवीस वर्षांचं नाव दोन दिवसांत रोडवर येणार होतं.

इतक्यात बालाजीनं पिशवीतून लॅपटॉप काढला. सोबत दोन स्पीकर. त्यांची एक वायर त्यानं लॅपटॉपला जोडली, दुसरी शेडच्या बोर्डात खुपसली, तसा स्पीकरवर लाल दिवा लागला.

"आज फैसला," तो म्हणाला. "गाडीची खरी मजा आवाजात हाय. मिस्त्री नुसतं ऐकून सांगतील कोणती भारी. हारंल त्यानं मिशी काढायची."

प्रेमानंद तयार झाला. किशनरावांनी आधी हात झटकले. मग वाटलं, बरंय, तेवढाच वेळ जाईल. ह्या फुकट्यांना काय कळतंय?

लॅपटॉप आणि स्पीकर लोखंडी टेबलावर ठेवले होते. किशनरावांनी सहज टेकल्यासारखा तळहात टेबलावर ठेवला. पडद्यावर लाल मस्टँग उभ्या जागी गुरगुरायला लागली आणि टेबलातून धडधड हाताला आली. दोन ठोके पडायचे, मधे अंतर, मग एक, परत अंतर.

"हिचं एक सिलिंडर मरून राहिलंय," किशनराव म्हणाले.

दोघं गुडघे थोपटून हसले. प्रेमानंदनं मास्तरकी केली. आठ सिलिंडरांच्या त्या इंजिनाची रचनाच तशी, ठोके सारखे पडतच नाहीत, आणि तिकडचे लोक त्या अडखळत्या आवाजावरच जीव टाकतात.

"मंग लंगड्या बैलाचीबी मिरवणूक काढत असतील तिकडं," किशनराव म्हणाले.

आता हसणं त्यांच्या बाजूचं झालं. दारात मोहनसिंगही हसला. किशनरावांना बऱ्याच दिवसांनी छाती भरल्यासारखी वाटली. तळहातानं ओळखलं होतं. त्या भरात त्यांनी हात टेबलावरून उचलला, फडक्याला पुसला आणि हाताची घडी घालून ऐटीत उभे राहिले. बालाजीनं दुसरी गाडी लावली. काळी, रुंद चॅलेंजर. ती जागेवरच मागची चाकं फिरवत होती, टायरचा धूर पडदाभर झाला होता. एवढं दिसत असताना ऐकायची काय गरज?

त्यांनी डोळे बारीक केले. मान दोनदा हलवली.

"ही बरी," ते म्हणाले. "हिचा आवाज भरीव हाय. पर हाये दिखावाच."

कोणी हसलं नाही.

त्यांनी दोघांकडं पाहिलं. दोघं स्पीकरकडं पाहत होते. लाल दिवा विझला होता. लोडशेडिंगची वेळ झाली होती. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर धूर दाखवत राहिला होता.

"मिस्त्री, लाइट तर गेली की," बालाजी हसू दाबत म्हणाला. "तुमी ऐकलं काय?"

प्रेमानंदनं बालाजीच्या मांडीवर हात ठेवला. प्रेमानंदची नजर मडगार्डजवळच्या डब्यावर गेली आणि तिथंच थांबली.

मस्करी केली म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण किशनरावांना स्वतःचीच किळस आली. इतके दिवस ह्या दोघांना ते मनात शिव्या घालत होते, न पाहिलेल्या गाड्यांवर तोंड वाजवतात म्हणून. आणि हे काय वेगळं होतं? बारा वर्षं बायकोच्या कानाच्या जोरावर मिशीला पीळ दिला होता. तिला ह्या शेडमध्ये कोणी मिस्त्रीण म्हटलं नव्हतं. चहावाली म्हणत.

मोहनसिंग पुढं आला. किल्ली बोटात फिरवत, नीट समोर तोंड करून, सावकाश बोलला. "मिस्त्री, गाडी मी नांदेडला नेतो. तुमी तकलीफ घेऊ नका."

त्यानं ओठ मोठे करून बोललेलं किशनरावांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

"चालू कर," ते म्हणाले.

जीप सुरू झाली. पत्रे थरथरले. किशनरावांनी बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर मात्र उचलला नाही.

"मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. आवाज किती मोठा निघाला ते त्यांना कळलं नाही. रोडवरचा पानवालाही वळून बघायला लागला. "बारा वर्सं झाली. जनका ऐकायची, मी सांगायचो. आता तुमी सांगा, आवाज कसा येऊन राहिला?"

बालाजी म्हणाला, नॉकिंग आहे, जरा रफ आहे. प्रेमानंदनं घसा साफ करून ज्वलनाची वेळ, दाब, असं काहीतरी काढलं. अमेरिकेतल्या आठ सिलिंडरांचा हिशोब तोंडपाठ असणारे दोघं चार सिलिंडरांच्या जीपपुढं नांगी टाकून बसले होते. किशनरावांनी हातानंच त्यांना गप्प केलं.

"मोहरी तडतडून राहिली, का उखळात मुसळ पडून राहिलं? येवढं सांगा."

दोघांनी कधी फोडणी घातलेली नव्हती. त्यांच्या ताटात जेवण आपोआप येत होतं.

मोहनसिंग बॉनेटवर वाकला. फाट्यावर खोली करून राहणारा एकटा माणूस, हातानं भाकरी थापून खाणारा. त्यानं बराच वेळ घेतला.

"मोहरीच," किशनरावांकडं तोंड करून तो म्हणाला. "पर ओली. मधीच बसती, पुन्हा उडती."

किशनराव त्याच्याकडं बघतच राहिले. ओली मोहरी हा शब्द त्यांनी एकदाच ऐकला होता, एका ट्रॅक्टरच्या वेळी, जनकाबाईच्या तोंडून. तेव्हा इंजेक्टरचं तोंड गळत होतं.

त्यांनी चौदाचा पाना घेतला. चार इंजेक्टरांच्या नळ्यांचे चार नट एकेक करून ढिले करायचे होते. ज्या नटाला मोहरी थांबेल, तो इंजेक्टर खराब. पण थांबली हे कोणीतरी सांगायला हवं होतं. मोहनसिंग उभाच होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

किशनरावांनी खांद्यावरचं फडकं काढलं. ग्रीसच्या डब्यावर पाच महिन्यांची धूळ होती, ती पुसली. डबा उपडाच मडगार्डला लावून नीट ठेवला.

"बस हितं," ते म्हणाले. "उभ्यानं कान लागत न्हाई."

मोहनसिंग बसला. त्याच्या वजनानं डब्याचा पत्रा आत दबला. बसलं की तो टणकन वाजतो, असं जनकाबाई सांगायची. आता वाजला असेल.

किशनरावांनी पहिला नट ढिला केला आणि मोहनसिंगच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. नाही.

त्यांनी पाना दुसऱ्या नटाला लावला.