अंगठे

घसरण्याच्या आदल्या दिवशी गोदावरीबाईंनी शकुन माळिणीची अंबाडी जून म्हणून परत केली, मग हाक मारून तीच घेतली. मुलगी कुंदा ओसरीवर वाचत बसली होती. अंबाडीत लसूण किती घालायचा हे त्या पुस्तकात लिहिले आहे का, असे त्यांनी विचारले. कुंदा हसली. तिने पान उलटले. घरातला शेवटचा साधा दिवस एवढाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीबाई न्हाणीत घसरल्या. उजवी मांडी धरून बसल्या त्या उठेनात. १९६१ साली अकोल्यात हाडाचा फोटो काढायचे क्ष-किरणांचे यंत्र नव्हते असे नाही. पण अमरावतीचे एक डॉक्टर कुंदाच्या वडिलांचे, हरिहरशास्त्र्यांचे, यजमान होते. त्यांच्याकडे नुकतेच नवे यंत्र आले होते आणि त्याची पूजा शास्त्रीबुवांनीच सांगितली होती. पूजा सांगितलेले यंत्र चूक कसे करील? म्हणून दुखरा पाय बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे टांग्याने हादरत गेला.

फोटो काढणारा मोतीराम परतवाड्याकडचा. त्याने बाईंना फळीवर उताणे निजवले. उजवे पाऊल बाहेर कलंडत होते. तो दोनदा सरळ करून गेला, ते दोनदा कलंडले. मग त्याने पट्टीचा तुकडा काढला.

"पाय बाहेर पडून राहिला, बुवा. असा पडला का हाडाची मान आखूड दिसते, मोडली असंल तरी कळत नाही. दोनी अंगठे आत वळवून बांधून घेतो. दोन मिनटाचं काम."

शास्त्रीबुवा ताडकन उठले. "अंगठे कोणाचे बांधतात, माहीत आहे का तुला?"

मोतीरामला माहीत होते. तिरडीवर ठेवताना बांधतात, हे लहान पोरालाही माहीत असते. तो म्हणाला, "तिथं बांधतात ते येगळं. मले फक्त फोटो पाह्यजे." मग सोबत आलेल्या कुंदाकडे वळला. "बाई, तुमी तरी सांगा यायले."

कुंदा शाळेत शरीरशास्त्र शिकवी. मांडीच्या हाडाची तिरकी मान तिने फळ्यावर शंभर वेळा काढली होती. मोतीरामचे म्हणणे तिला पहिल्याच वाक्यात पटले होते. पण परक्यासमोर वडिलांना खोडून काढायचे नाही, हेही तिला लहानपणापासून पाठ होते. दोन पाठांपैकी तिने जुना निवडला आणि भिंतीकडे पाहिले.

फोटो जसा पाय होता तसा निघाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, हाड शाबूत असल्याचे सांगितले, बाईंना चालायला लावा म्हणाले आणि शास्त्रीबुवांना वाकून नमस्कार केला.

त्यानंतर घरात दोन रुग्ण होते. एक गोदावरीबाई, दुसरा त्यांचा फोटो. फोटोची तब्येत उत्तम होती. येणाऱ्याजाणाऱ्याला शास्त्रीबुवा तो खिडकीशी धरून दाखवत, बहुधा उलटा. लोक हाडाचे कौतुक करत आणि बाईंना धीर धरायला सांगत. सगळे मनाचे खेळ आहेत, असे शेजारच्या पार्वताबाईंचे मत पडले. गोदावरीबाई काठी टेकत, दात आवळत चालत. एकदा कुंदा त्यांना हात देत होती, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "फोटोत नसेल गं. माझ्या पायात आहे."

कुंदा म्हणाली, "आई, मनावर घेऊ नकोस."

अठराव्या दिवशी देवाजवळ दिवा लावायला त्या उठल्या आणि उभ्या उभ्या कोसळल्या. आता पाय दोन बोटे आखूड दिसत होता. मोडले आहे हे सांगायला कुणालाच फोटो लागला नाही. खाटेवर पडल्या त्या पडल्याच. पाठ सोलली, छाती भरली, आणि मार्गशीर्षात एका दुपारी त्या गेल्या.

शास्त्रीबुवांनी सारे यथासांग केले. पाय दक्षिणेला आहेत ना, हे दोनदा पाहिले. उजवे पाऊल अजून बाहेर कलंडत होते. ते त्यांना खटकले. सुतळी मागवून त्यांनी स्वतः दोन्ही अंगठे जुळवले, पावले आत वळवली आणि पक्की गाठ मारली. मोतीरामला हवी होती तेवढीच वळली होती ती, ना कमी ना जास्त. फोटो आता फार छान आला असता.

बायका रडत होत्या. कुंदा पायांशी बसली आणि तिने गाठीवर हात ठेवला.

"आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या पायातच होतं. मला तिथंच कळलं होतं, आणि मी गप्प बसले."