गुणाजीचे डोळे

पेणच्या बाजारात कुणालाही विचारा, गणपतीचे डोळे काढावेत ते गुणाजीनेच, असं तो छातीठोक सांगेल. सांगू दे बापडा. दिशाच्या मात्र हे ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. गेली दोन वर्षं त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या एकूण एक मूर्तीचे डोळे तिने काढले होते. गुणाजीच्या सुनेने.

तशी कारखान्यात बायकांना तोटा नव्हता. मूर्ती घासायला बायका, पितांबर रंगवायला बायका. डोळ्यांची आखणी तेवढी मालकाची. त्यासाठी मागच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा बांधलेला. गुणाजी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून पडद्याआड गेला की बाहेर गिऱ्हाईकं आपोआप आवाज खाली करायची. देवाचे डोळे उघडतायत, गप्प बसा! आत काय चालायचं? गुणाजी स्टुलावर बसून अभंग गुणगुणायचा, आणि मागच्या दाराने शिरलेली सून रेघ ओढायची.

लग्न होऊन दिशा रोह्याहून आली, तेव्हा तिच्या हाताने काढलेली मेंदी गुणाजीनेच हेरली. "माझा हात थरथराय लागलाय गो," तो म्हणाला. "घराची अब्रू आता तुझ्या हातात." चारचौघांत बशी उचलली की खरंच चहा सांडायचा त्याचा. दिशाला दया आली आणि ती पडद्याआड बसली. गुणाजी शिकवायचा मनापासून. एवढंच, की शिकवताना त्याला तहान फार लागायची. "बाबा, आधी पापणी की आधी बुबुळ?" असं विचारलं की स्वारी उठलीच. "थांब, घोटभर पाणी पिऊन येतो." स्वयंपाकघरात जाऊन यायचा आणि मग अगदी बरोब्बर सांगायचा, "आधी वरची पापणी. श्वास सोडायचा, मग रेघ. श्वास धरलास तर देव रागावलेला दिसतो."

लग्नामुळे अर्धवट राहिलेलं बी.ए. दिशाने हट्टाने परत धरलं होतं. आठवड्यातून तीन दिवस एसटीने नागोठण्यावरून रोह्याचं कॉलेज. तिथे शाझिया मॅडम एक जुनं अमेरिकन नाटक शिकवत होत्या. नाटकातल्या घराचा कायदा असा, की घर नवऱ्याच्या कर्तबगारीवर चाललंय असं सगळ्यांनी मानायचं. तो बाता मारणार, बायको मान डोलावणार.

"ती बायको भोळी आहे, मॅडम," दिशा वर्गात म्हणाली. "फसवलंय बिचारीला."

शाझिया मॅडम हसल्या. "बिचारी? परत वाच. त्याची बात संपायच्या आधीच तिची मान हलते. आणि मला सांग, या घरात कोण कुणावर विश्वास ठेवतंय?"

दिशाने पुस्तक परत उघडलं. मान खरंच आधी हलत होती. परतीच्या एसटीत ती स्वतःवरच चिडत आली. घरी पोचते तर नवरा, आदर्श, खुशीत दारात उभा.

"पनवेलच्या हिरामणशेठचा फोन आलेला. त्यांच्या मंडळाचं पंचविसावं वर्ष. बाबा डोळे काढताना त्यांना व्हिडिओ घ्यायचाय. मंडपात मोठ्या स्क्रीनवर दाखवणार!"

हिरामणशेठ मंडळाचा अध्यक्ष, आणि वीस वर्षांचं गिऱ्हाईक. दिशा चप्पल काढता काढता थांबली. "बाबा काढणार? कसे?"

"तू आदल्या दिवशी काढून ठेव. बाबा वरून कोरडा ब्रश फिरवतील. ते पाठीमागून घेतील व्हिडिओ."

"आणि खाली नाव?"

"बाबांचं. दुसरं कुणाचं? एवढ्या वर्षांचं नाव हाय ते."

"मग मी नाय काढत."

"अगं, घरातली गोष्ट आहे ही."

"घरातली ना? मग पनवेलच्या मंडपात कशाला दाखवताय?"

ओट्यापाशी सासू, विमलबाई, बिरड्याचे वाल सोलत होती. साखरेच्या आजाराने तिची नजर अधू झाली होती, वाल सुद्धा ती चाचपूनच सोलायची. दिशा तिच्यासमोर जाऊन बसली. "आई, तुम्हाला तरी पटतं का हे?"

"मला काय इचारतेस गो? वाल सोल," विमलबाई म्हणाली.

हे दिशाला सगळ्यात जास्त लागलं. त्या दोघांचं सोडा, पण बाईने बाईला असं झटकावं? रडू येत होतं, पण रडायला ती तयार नव्हती. तिने वाल सोलले, आणि आदल्या दिवशी ब्रशला हातसुद्धा लावला नाही.

हिरामणशेठ आला त्या सकाळी दिशाने न्हाऊन कपाळाला गंध लावलं. मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने ती कारखान्यात शिरली, मंडळाच्या मूर्तीसमोर पाट ओढला आणि त्यावर बसली.

मोबाइल सरसावून उभा असलेला हिरामणशेठ गोंधळला. "हे काय? गुणाजी कुठाय?"

"मागे उभे हायत. डोळे मी काढते, शेठ. दोन वर्षं मीच काढतेय."

आदर्शने कपाळाला हात लावला. दिशाने वळून सासऱ्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं, आता तरी म्हातारा खरं बोलेल. शेवटी हा हात त्यानेच घडवलाय, त्याला तरी अभिमान असेलच की.

गुणाजी हसला. "शिकतेय हो पोर. मेंदी काढते झकास. डोळे आपलेच, शेठ!"

दिशाच्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं मान मोडून काढलेले डोळे, आणि म्हणे मेंदी! ती उठली आणि ब्रश सासऱ्यासमोर धरला.

"घ्या बाबा. काढा."

"अगो, माझ्या हाताचं तुला ठाऊक हाय ना..."

"शेठना पण कळू दे. काढा."

गुणाजीने ब्रशकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं. कपाळावरचं गंध घामाने ओघळायला लागलं. "थांब जरा," तो म्हणाला. "घोटभर पाणी पिऊन येतो."

"पाणी हितंच आणलंय."

दारात विमलबाई उभी होती, हातात तांब्या. "प्या," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि काय इचारायचं ते आज सगळ्यांसमोर इचारा मला."

गुणाजीने तांब्या घेतला नाही. दिशाला त्याची ती तहान आठवली. प्रत्येक वेळची. स्वयंपाकघरातून येणारी ती बिनचूक उत्तरं आठवली.

"कारखाना काढला त्या पहिल्या वर्षी यांनी अकरा मूर्तींचे डोळे बिघडवले, शेठ," विमलबाई म्हणाली. "मी पुसून परत काढले. तेव्हापासून हा पडदा लागला. मग माझी नजर गेली, आणि यांचा हात थरथराय लागला."

"म्हणजे आमच्या गणपतीला..." हिरामणशेठला वाक्य पुरं करवेना.

"वीस वर्षं बाईने डोळे काढले. आणि वीस वर्षं तुम्ही पाया पडलात. काय कमी पडलं?"

शेठचा मोबाइल खाली गेला. पण दिशा आता गप्प बसणारी नव्हती, सासूपुढेही नाही. "आणि मला का नाय सांगितलंत? दोन वर्षं एका पंगतीला जेवलो आपण!"

"सांगितलं असतं तर तू पण गपचूप पडद्याआडच बसली असतीस. मी बसले होते ना गो," विमलबाई म्हणाली. "दर वर्षी हा पडदा धुऊन, वाळवून मीच परत बांधायची. कुणी सांगितलेलं पण नाय मला."

ती चाचपडत कोपऱ्यात गेली. लुगड्याचा काठ तिच्या बोटांनी बरोबर ओळखला. एका हिसक्यात तिने पडदा ओढून काढला. मागे एक स्टूल, एक पाट आणि रंगाच्या वाट्या, बाकी काही नाही.

दिशा परत मूर्तीसमोर बसली. "शेठ, व्हिडिओ घ्यायचा तर खाली नावं टाका. विमल आणि दिशा. पटत नसेल तर मूर्ती हितंच राहू दे, आमचं काय म्हणणं नाय."

हिरामणशेठने एकदा गुणाजीकडे पाहिलं, एकदा मूर्तीकडे. मग खाली गेलेला मोबाइल हळूहळू वर आणला.

"बाबा, उजेड कमी पडतोय," दिशा मागे न बघता म्हणाली. "बॅटरी धरा."

आदर्श लगबगीने पुढे झाला. "तू नाय," ती म्हणाली. "बाबा धरतील."

आदर्श मागे सरला. मग गुणाजी पुढे आला, बॅटरी घेतली आणि सुनेच्या खांद्यावरून मूर्तीच्या पापणीवर धरली. दिशाने श्वास सोडला आणि रेघ ओढली, एकेक डोळा, सावकाश. उजेड एका जागी ठाम होता. म्हाताऱ्याचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता.