बनाबाईची मोकळी मनगटं

बनाबाईच्या हातात बांगड्या नव्हत्या. एकसुद्धा नाही! तिकडं नातेपुत्याच्या माळावर तिचा नवरा बिरदेव धडधाकट, मेंढरं राखतोय, आणि इकडं सोलापुरातल्या वृद्धाश्रमात बायकोचे हात मोकळे. भेटायला आलेली लेक, सोनाली, ते हात उलटसुलट करून बघू लागली. खुब्याचं हाड मोडून आई अंथरुणाला खिळली. चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यातली पाळी सांभाळून घरी तिचं करणार कोण, म्हणून पोरीनं जड मनानं तिला इथं ठेवलेलं.

"आई, बांगड्या कुटं गेल्या गं? नि मनगटाला ह्ये वळ कसलं?"

बनाबाईनं आधी दाराकडं पाहिलं. तिथं आश्रम चालवणाऱ्या वैदेहीताई उभ्या होत्या. हसू कसं, अगदी साळसूद.

"फुटल्या," त्याच बोलल्या. "तुमच्यात दोरा बांधतात ना, नव्या भरेपर्यंत? तो बांधलेला. त्याचाच वळ उठलाय."

"लई चांगलं हाय हितं," बनाबाई भिंतीकडं बघत म्हणाली. कुणी विचारलं होतं का? सोनालीच्या मनात पाल चुकचुकली.

बांगड्या फुटल्या तर कासार येईस्तोवर सवाष्णीच्या हाताला दोरा बांधतात, हे खरं. पण तो सैल, शकुनापुरता. हे वळ चांगले दोन बोटं रुंद, दोन्ही मनगटांना, कातडं सोललेलं. असला कसला हो दोरा? आणि बांधला होता तर सोडला कुणी? हातात बांगडी चढल्याशिवाय आई दोऱ्याला हात लावू देणारी बाई नव्हे.

भांडावं, तर आपली पाठ वळल्यावर आईचे काय हाल करतील? सोनालीनं राग गिळला.

"बाजारात नेऊन चुडा भरून आणते की, ताई."

"आज कशाला? कासारालाच बोलावू."

"उद्या अमावस्या. अमावस्येला मोकळे हात आमच्यात न्हाय चालत."

अमावस्या कुठली नि काय! चक्क थाप. पण रीतीचं नाव आधी वैदेहीताईंनीच काढलेलं. आता नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

"तासाभरात आणा," त्या म्हणाल्या. हसू मावळलं होतं.

रिक्षावाल्याच्या मदतीनं आईला अलगद उचलून रिक्षात बसवलं. ऊन रणरणत होतं. तिच्या डोक्यावर घालावी म्हणून सोनालीनं गळ्यातली ओढणी काढली. ती बघताच बनाबाईनं दोन्ही मनगटं जुळवून मुकाट्यानं पुढं केली.

"हळू बांध, बाई," ती म्हणाली. "मी न्हाय हलत."

सोनालीनं ओढणी बाजूला टाकली. तिनं आईला पोटाशी धरलं.

"दादा, बाजार ऱ्हाऊ द्या," ती रिक्षावाल्याला म्हणाली. "आधी सरकारी दवाखाना. मग पोलीस ठाणं."